माग कुणाच्या शिवेत विरला? नांदेड-लातूरच्या मुलखातील गुन्हा आणि दंड

१/
संगणकावरच्या एका खेळात बुटक्यांची वसाहत वसवायची असते. डोंगर पोखरायचा, धान्य साठवायचे, लोहार-सुतारांना कामाला लावायचे. सारे सुरळीत चालले असता वसाहतीतला एखादा उमराव हुकूम सोडतो की अमुक वस्तू अमुक मुदतीत घडलीच पाहिजे. तिचा कच्चा माल वसाहतीत नसला तरी हुकूम तो हुकूमच. मुदत संपते, वस्तू घडलेली नसते आणि एका निरपराध कारागिराला शिक्षा होते.

२/
खेळाचे नाव ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’. टार्न आणि झॅक अॅडम्स या भावांनी तो २००६ मध्ये लोकांपुढे आणला. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात जे पहिले व्हिडिओ गेम घेतले, त्यांत हाही होता. या खेळाची न्यायव्यवस्था मोठी विलक्षण आहे. पहारेकऱ्यांचा नायक, साखळदंड, पिंजरे आणि हातोड्याने शिक्षा बजावणारा एक खास अधिकारीही तिच्यात आहे.

३/
गुन्हा घडला की साक्षीदारांची निवेदने खेळाडूपुढे येतात. दोषी कोण, हे ठरवतो खेळाडू. साक्ष खोटीही असू शकते. वसाहतीत लपलेला रक्तपिपासू स्वतःच्या खुनाचा आळ दुसऱ्यावर घालतो. खेळाडूने निर्दोषाला दोषी ठरवले तरी खेळ अडत नाही. शिक्षा होते आणि प्रकरण मिटते. साखळदंड पुरेसे नसतील, तर कैदेच्या जागी मारहाण होते, आणि त्या मारहाणीत कधी कधी जीवही जातो.

४/
‘छे, असे कुठे असते काय?’ असे खेळणारा म्हणतो. मित्रहो, असे होते, आणि ते आपल्याच मुलखात होते. आजच्या धाग्यात नांदेड-लातूरच्या परिसरातील गुन्हा आणि दंड यांचा सुमारे हजार वर्षांचा प्रवास पाहू. प्रश्न एकच धरून चालू. गुन्हा घडल्यावर त्याची किंमत कोण मोजत असे?

५/
आरंभ राष्ट्रकूटांपासून. आठव्या ते दहाव्या शतकांत दख्खनवर राज्य करणारे हे घराणे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, असे म्हणवून घेई. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे सामान्यतः मानले जाते. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे नगर. म्हणजे सत्तेच्या कडेकपारीतला हा प्रदेश नव्हे. एका साम्राज्याने आपले मूळ सांगितले, ते याच मातीत.

६/
राष्ट्रकूट राजे ब्राह्मणांना आणि देवालयांना गावे दान देत. त्या ताम्रपटांत एक ठरावीक शब्द वारंवार येतो, ‘सदण्डदशापराध’. अर्थ असा की दहा अपराधांबद्दल वसूल होणाऱ्या दंडासह हे गाव दिले आहे. या दहा अपराधांची एक यादी स्मृतिवाङ्मयात सापडते. राजाज्ञेचा भंग, चोरी, शिवीगाळ, मारहाण असे अपराध तीत आहेत. झाडे, पाणी, शेतसारा यांच्याप्रमाणेच गुन्ह्याचा दंडही गावाच्या उत्पन्नात मोजला जाई आणि दान म्हणून देता येई.

७/
येथे थोडे थांबू. आज गुन्हा म्हटला की प्रश्न येतो, ‘कुणी केला?’ ताम्रपटाचा प्रश्न वेगळा आहे, ‘दंड कुणाच्या पदरात पडणार?’ याचा अर्थ त्या काळी न्याय नव्हता असा नाही. पण न्यायाला जमाखर्चाची एक बाजू होती आणि ती पुढची कित्येक शतके टिकली. आपल्याला शोध घ्यायचा आहे तो याच बाजूचा.

८/
आता सतराव्या-अठराव्या शतकांत येऊ. मोगलांच्या तेलंगण सुभ्याचे ठाणे नांदेडला होते. १७१९ च्या सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथ आणि सरदेशमुखी मिळाली. १७२४ पासून निजामाची स्वतंत्र सत्ता उभी राहिली. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी उदगीर येथे निजामाचा पराभव केला. एकाच मुलखावर दोन सत्तांचा हक्क, अशी दुअंमली अनेक ठिकाणी चाले. सत्ता अशा बदलत होत्या, पण गावाचा गाडा फारसा बदलत नव्हता.

९/
गावाला वेस, मध्ये पाटलाची गढी आणि चावडी. पाटील, कुळकर्णी आणि बलुतेदार, वर परगण्याला देशमुख आणि देशपांडे. पेशव्यांच्या मुलखात हीच घडी, निजामाच्या मराठवाड्यातही हीच. या गावात तुरुंग नसे. कारण सरळ आहे. गावात लोहार एकच. त्याला वर्षभर डांबले, तर नांगराचे फाळ कोण शेवटणार? ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’च्या खेळाडूलाही हे दुखणे ठाऊक असते. एकुलता एक चांगला लोहार कैदेत गेला की सारी वसाहत अडते.

१०/
म्हणून गावाची साधने वेगळी होती. दंड, भरपाई, प्रायश्चित्त आणि बहिष्कार. वतनाचा, वारशाचा वा हद्दीचा तंटा झाला की गोतसभा बसे. फिर्याद मांडणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांकडून आधी राजीनामा घेतला जाई. आजच्या अर्थाचा राजीनामा नव्हे, तर ‘सभेचा निर्णय आम्हांस मान्य राहील’ अशी लेखी कबुली. मग जामीन, मग तकरीर, मग साक्षी.

११/
निर्णयाचा कागद म्हणजे महजर. त्यावर सभेला हजर असलेल्यांच्या निशाण्या असत. पाटलाचा नांगर, शिंप्याची कात्री, न्हाव्याचा आरसा. मुसलमानी अमलात सभेला काजीही बसे. हद्दीच्या तंट्यात महाराची साक्ष फार मोलाची, कारण गावाची शीव त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नसे. ज्याला वेशीबाहेर राहावे लागे, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरे. ही विसंगती लक्षात ठेवा, पुढे ती अधिक तीव्र होणार आहे.

१२/
कागद नाहीत, साक्षी जुळत नाहीत, अशा वेळी शेवटचा उपाय दिव्याचा. रवादिव्यात तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. आधी हात धुऊन नखे काढत, नंतर हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करत. तिसऱ्या दिवशी सभेसमक्ष पिशवी उघडली जाई. हात निर्दोष तर माणूस खरा, भाजल्याची खूण दिसली तर तो खोटा. मोहर, मुदत, साक्षीदार सगळे काटेकोर, फक्त पुराव्याच्या जागी त्वचा.

१३/
निकालानंतर पैशाची बाब येई. हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’ भरायची. हा शब्द तेव्हा दंडाच्या रकमेसाठी वापरत. आणि जिंकणाऱ्याने ‘हरकी’ द्यायची, म्हणजे निकाल आपल्या बाजूने लागल्याच्या हर्षाची रक्कम. कोणीही जिंको, सरकारच्या पदरी काही ना काही पडेच. दशापराधांच्या दंडाचे ताम्रपटातले सूत्र येथे नव्या नावांनी चालू राहिलेले दिसते.

१४/
हे झाले तंट्यांचे. चोरीचे काय? पेशवाई बुडाल्यानंतर दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा एक विस्तृत अहवाल लिहिला. त्यात गावच्या जागल्याचे फार बारकाईचे वर्णन आहे. वर्णन पेशव्यांच्या मुलखाचे असले, तरी ज्या गावगाड्याचे ते आहे, तो शिवेच्या अलीकडे-पलीकडे सारखाच होता.

१५/
जागल्या कुठे महार, कुठे मांग, कुठे रामोशी, कुठे भिल्ल. रात्री गावात चोरी झाली, तर चोर शोधणे हे त्याचे काम. गावातला प्रत्येक माणूस, त्याचा स्वभाव, त्याच्या सवयी त्याला ठाऊक असत. चोरीचा माल लोक कसा दडवतात, हेही तो जाणून असे. पण त्याचे खरे शस्त्र म्हणजे माग. पहाटेच्या धुळीत उमटलेली पावले वाचत तो शिवेपर्यंत जाई.

१६/
शिवेवर या व्यवस्थेचे खरे कौशल्य दिसे. माग पुढच्या गावात शिरला, हे त्या गावच्या जागल्याला पटवून दिले की जबाबदारी त्याच्याकडे जाई. आता चोर हजर करणे, किंवा माग आपल्या हद्दीबाहेर गेल्याचे दाखवून देणे त्याला भाग पडे. अशी ती जबाबदारी गावागावांतून पुढे सरके. कुठेतरी कातळ लागे, नाल्याचे पाणी आडवे येई, गुरांच्या खुरांनी पावले पुसली जात. माग ज्या शिवेत विरला, त्या गावावर चोरी बसे.

१७/
मग भरपाई कुणी करायची? एल्फिन्स्टन सांगतो की आधी जागल्याने, त्याच्या ऐपतीप्रमाणे, आणि उरलेली साऱ्या गावाने. पूर्ण रक्कम वसूल करण्याचा आग्रह सरसकट धरला जात नसे, हेही तो नोंदवतो. म्हणजे हा नियम पैशाइतकाच धाकासाठी होता. पहारेकऱ्याने झोपू नये, चोरांशी संधान बांधू नये आणि गावाने चोराला आसरा देऊ नये, हा त्यामागचा हिशेब.

१८/
हिशेब म्हणून तो चोख आहे. पोलीस खाते नाही, ठाणे नाही, वेतन नाही आणि तरीही शिवेपासून शिवेपर्यंत शोधाची साखळी उभी राहते. आजच्या कुठल्याही खेळाच्या रचनाकाराला हेवा वाटावा अशी ही योजना. पण खेळात जो प्रश्न पडतो, तोच येथेही पडतो. माग विरला यात अपराध कुणाचा? पाऊस पडला, यात जागल्याचा काय दोष? चोर सुटतो, आणि भरपाईचा पहिला रुपया द्यायचा तो गावातल्या सर्वांत गरीब माणसांपैकी एकाने.

१९/
हेही पाहा. हद्दीची साक्ष त्याची, माग काढण्याची विद्या त्याची, रात्रीची जाग त्याची. गावाच्या सुरक्षिततेचे सारे ज्ञान ज्याच्यापाशी, तोच वेशीबाहेरचा आणि संशय प्रथम येई तोही त्याच्यावरच. व्यवस्थेला त्याच्या डोळ्यांवर भरवसा होता, पण त्याच्या प्रतिष्ठेला तिच्यात जागा नव्हती. अकराव्या भागात सांगितलेली विसंगती ती हीच.

२०/
मोठ्या गुन्ह्यांच्या शिक्षा राज्यसत्तेच्या हाती असत. फाशी, शिरच्छेद, हातपाय तोडणे, डोंगरी किल्ल्यावरची कैद. मोगरीने डोके ठेचण्याच्या शिक्षेचाही एल्फिन्स्टनने उल्लेख केला आहे. खेळातला हातोडेवाला आठवला ना? आणखी एक निरीक्षण त्याने नोंदवले आहे. शिक्षेत फरक पडे तो गुन्ह्याच्या स्वरूपापेक्षा गुन्हेगाराच्या जातीमुळे अधिक. बऱ्यापैकी जातीच्या माणसाला राजद्रोहाखेरीज क्वचितच देहदंड होई. खुनाबद्दलही पुष्कळदा दंड भरून सुटका होत असे.

२१/
स्त्रियांना देहदंड नसे, पण ती दया नव्हती. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीला पेशवाईत कुणबीण, म्हणजे दासी, करून सरकारी कोठारांत वा कारखान्यांत राबवले जाई, तिची विक्रीही होई. येथेही शिक्षा आणि उत्पन्न एकमेकांत मिसळलेले आहेत. गुन्हा ठरवणारी सत्ता आणि त्या गुन्ह्यातून लाभ मिळवणारी सत्ता एकच असली, की न्यायाचा काटा कुठे झुकतो ते वेगळे सांगायला नको.

२२/
गावाचे सर्वांत प्रभावी शस्त्र मात्र रक्त न सांडता चाले, ते म्हणजे वाळीत टाकणे. पाणवठा बंद, न्हावी बंद, सोयरीक बंद, मर्तिकाला खांदा बंद. पुन्हा जातीत येण्यासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागे आणि गोताला जेवण घालावे लागे. अशा धार्मिक दोषांच्या निर्णयासाठी मराठवाड्यातल्या पैठणच्या ब्रह्मसभेचा शब्द दूरवर मानला जाई. कारागृहाला भिंती लागतात. वाळीत टाकायला केवळ शेजाऱ्यांची एकजूट पुरे.

२३/
निजामी मुलखात बदल आला तो पहिल्या सालारजंगांच्या काळात. १८५३ मध्ये ते दिवाण झाले. तोवर वसुलीचा मक्ता घेणारे तालुकदारच आपापल्या भागात न्याय आणि बंदोबस्त पाहत. ज्याने पैसे मोजून मुलूख घेतला, त्याच्याच हाती दंडाचा अधिकार! १८६५ पासून जिल्हाबंदी झाली. पगारी अव्वल तालुकदार, तहसीलदार आणि जिल्ह्यांसाठी स्वतंत्र कोतवाली खाते आले. दंडाची रक्कम आणि दंड करणाऱ्याचा खिसा यांच्यात भिंत घालण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता.

२४/
म्हणजे सामूहिक दोषाची कल्पना संपली काय? नाही. तिने केवळ वेष बदलला. ब्रिटिशांच्या १८६१ च्या पोलीस कायद्यात अशांत भागावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांवर लादण्याची तरतूद होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पूर्वी माग ज्या गावात विरे, ते गाव दोषी. आता माग काढण्याचीही गरज उरली नाही. जमातीचे नाव पुरेसे होते.

२५/
तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही. याची साक्ष लातूरनेच दिली आहे. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ज्या समाजाला चोर म्हणूनच ओळखले गेले, त्यातल्या एका माणसाने आपली तकरीर स्वतःच लिहिली. कोणत्याही गोतसभेने ती कधी मागितली नव्हती.

२६/
जुन्या व्यवस्थेचे अवशेष आजही आहेत. गावोगावी पोलीस पाटील आहे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने त्याची नेमणूक होते, वारशाने नव्हे. वाळीत टाकण्याच्या प्रथेविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा संमत केला. तो करावा लागला, यातच ती प्रथा किती चिवट आहे हे दिसते.

२७/
या व्यवस्थेला केवळ रानटी म्हणून सोडून देणे सोपे आहे, आणि ‘आमचा पूर्वीचा गावचा न्याय’ म्हणून मिरवणेही तितकेच सोपे. दोन्ही टाळावे. राजीनामा, जामीन, साक्ष, महजर यांत शिस्त होती आणि लोकांचा सहभागही होता. तुटपुंज्या साधनांवर गावाने शांतता राखली, हेही खरे. पण या व्यवस्थेला प्रकरण मिटवायचे असे, आणि ज्याचा आवाज सर्वांत लहान त्याच्या माथी ते मारले की ते लवकर मिटे.

२८/
पुन्हा खेळाकडे वळू. पडद्यावर चार संशयितांची नावे आहेत, साक्षी परस्परविरोधी आहेत, वसाहत अस्वस्थ आहे. एका नावावर बोट ठेवले की सारे शांत होईल. त्या क्षणी उदगीर-कंधारच्या वाटेवरचा तो जागल्या आठवा. पहाटे शिवेवर उभा, समोर कातळ, आणि पावले तेथेच संपलेली. चोर निसटला आहे, हे त्याला कळून चुकले आहे. किंमत कुणाला मोजावी लागणार, हेही.

२९/
कंधार, उदगीर, औसा हे किल्ले आपण पाहतो ते बुरूज आणि तोफांसाठी. पुढच्या खेपेस किल्ल्याच्या वाटेवरच्या एखाद्या गावात थांबा. जुनी वेस कुठे होती, ते विचारा, आणि वेशीबाहेर कोण राहत असे, तेही विचारा. कुणाच्या घरी जुना महजर वा निवाडपत्र असेल, तर मालकाच्या परवानगीने छायाचित्र घेऊन ठेवा. त्यावर कुणाच्या निशाण्या आहेत ते पाहा, आणि कुणाच्या नाहीत तेही. धागा समाप्त.